श्रीमंत बोकोबांच्या हुजुरी एका कुळाचा अर्ज

श्रीमंत बोकोबा, मुक्काम आमचीच आरामखुर्ची, सदाशिव पेठ, पुणे, यांचे सेवेसी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

सात वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका मुसळधार संध्याकाळी, अंग झाडीत आणि कंठातून केविलवाणा स्वर काढीत, आपण आमच्या उंबऱ्यावर दाखल झालात, तेव्हा आम्ही आपणांस वाटीभर दूध आणि एका रात्रीपुरता आसरा दिला. त्या रात्रीची मुदत अद्याप संपलेली नाही, एवढे नमूद करून तक्रारीकडे वळतो. (प्रौढ मांजरांना दूध बहुधा पचत नाही, हे ज्ञान आम्हांस दुसऱ्या दिवशी पहाटे फरशी पुसताना प्राप्त झाले.)

आमच्या आजोबांची वेताची आरामखुर्ची आपण पहिल्याच आठवड्यात काबीज केली आणि तिचे विणकाम नखांनी उसवून टाकले. पशुवैद्य म्हणतात की, या ओरबाडण्याने नखांवरची जुनी टरफले गळून पडतात, आणि पंजातील ग्रंथींचा गंध वस्तूवर उमटून ती आपली ठरते. गालांतही तशाच ग्रंथी असतात म्हणे. तेव्हा आपण सकाळी आमच्या पोटरीवर गाल घासता, आणि आमचे कुटुंब ती माया समजून सद्गदित होते, ते वस्तुतः शिक्कामोर्तब असून आमची नोंद आपल्या जंगम मालमत्तेत दररोज नव्याने होत असते.

परंतु शिक्का उठविण्याची आपली जी दुसरी, प्रवाही तऱ्हा आहे, तिच्याविषयी लिहिताना लेखणी अडखळते. मोल्सवर्थसाहेबाने 1857 साली सिद्ध केलेल्या मराठी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीचे 1975 सालचे पुनर्मुद्रण आमच्या फडताळाच्या सर्वांत खालच्या फळीवर होते. पाठ वळवून, शेपूट ताठ करून आणि तिचे टोक किंचित थरथरवीत आपण त्या ग्रंथराजास जे अर्घ्य वाहिले, त्यात फेलिनीन नावाचे एक द्रव्य असते, खच्ची न केलेल्या बोक्यांत ते विशेष विपुल असते, आणि त्यापासून उत्पन्न होणारा गंधकयुक्त दर्प गच्चीवरच्या तीन दिवसांच्या उन्हाला, खाण्याच्या सोड्याला आणि शेजारणीने सुचविलेल्या व्हिनेगरला यत्किंचितही बधला नाही. उन्हाळ्यात तो निद्रिस्त असतो; आषाढाची दमट हवा सुटली की पुनश्च जागा होतो, आणि मग आम्ही शब्दाचा अर्थ एका हाताने पाने उलटून व दुसऱ्याने नाक धरून पाहतो. पुढे पशुवैद्याच्या दवाखान्यात आपणांस नेले असता जे घडले, त्याविषयी आपण मौन पाळता, आम्हीही पाळतो.

रात्री तीनच्या सुमारास पलंगाखालून येणारे उबळीचे आवाज, आणि जिभेने अंग विंचरताना गिळलेल्या केसांचा जो ओला गोळा नेमका आमच्या चपलेत ठेवला जातो तो, हा किरकोळ तपशील म्हणून सोडून देतो. व्याही जेवायला आले असता बासुंदीवरची साय तेवढी नाहीशी झाली, त्याचे मात्र स्पष्टीकरण सापडले: मांजराच्या जिभेला गोडी कळण्याची जनुकीय सोयच मोडलेली आहे, असे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. साखर आपणांस निरर्थक; आपण केवळ स्निग्धांशाची वसुली केली. व्याह्यांना हे सांगावे की नाही, याचा निर्णय घरात अजून झालेला नाही.

आता मूळ मुद्दा. कसेल त्याची जमीन हे तत्त्व 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनापासून आमच्या मुलखात अमलात आले. बसेल त्याची खुर्ची हे तत्त्व आपण कोणत्याही विधिमंडळाला तसदी न देता अमलात आणले. आमचे मेहुणे वकील आहेत. स्थावरावर उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध बारा वर्षे ताबा राहिला तर 1963 च्या मुदतीच्या कायद्यान्वये मालकाचा दावा बुडतो, असे ते सांगतात. खुर्ची स्थावर नव्हे, हे त्यांनाही ठाऊक आहे. परंतु आपण तीवर बसलात की ती स्थावर होते, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. ताबा खंडित करावा, निदान एकवार उठवून पाहावे, असा त्यांचा सल्ला. त्याप्रमाणे काल दुपारी आम्ही हात पुढे केला. आपण एक डोळा अर्धा उघडलात, पंजा आमच्या मनगटावर ठेवलात, नखे आत ठेवून, आणि घरघर सुरू केलीत.

आम्ही स्टुलावर जाऊन बसलो.

सात वर्षे झाली, पाच उरली. ही मुदत आपण धडधाकट राहून पुरी भरावी, एवढीच अर्जी. सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना.

आपले कूळ