सात घोड्यांचा सरनोबत

पुण्यात निवृत्त होताना वयाच्या दाखल्याबरोबर छंदाचाही दाखला जोडावा लागतो की काय, अशी मला शंका आहे. कोणी अडकित्ते जमवतो, कोणी पानशेतच्या पुरात गेलेल्या वाड्यांची यादी करतो, कोणी वर्तमानपत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून अंक संपादकांना परत पाठवतो. यांतली एक जात मात्र विरळ. तिला घोडे लागतात. खरे नव्हेत, खऱ्या घोड्यापासून हा माणूस चार हात लांबच उभा राहतो. त्याला लागतो बोटाएवढा घोडा, आणि तोही दुकानात मिळतो तसा नाही. दुकानात मिळतो तो घोडा चुकलेला असतो. तो दुरुस्त करायचा असतो.

आमच्या सोसायटीतल्या अशा गृहस्थांना मुलं 'सरनोबत' म्हणतात. शिवाजी महाराजांच्या घोडदळाच्या प्रमुखाचा हुद्दा बँकेच्या लेजरवर आयुष्य काढलेल्या माणसाला मिळाला, यात त्यांना स्वतःला काहीच वावगं वाटत नाही. निरोपसमारंभात त्यांना चामडी पट्ट्याचं घड्याळ मिळालं होतं. त्या पट्ट्यातून सात खोगिरं निघाली. घड्याळ कुठे आहे, ते काकूंना विचारावं लागेल.

रोग लागला दिवाळीच्या किल्ल्यातून. पुण्यातल्या मुलांचा किल्ला म्हणजे विटा, दगड, पोतं, वर चिखलाचा लेप, उतारावर अळीव आणि शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज. मावळे कुंभारवाड्यातून आणायचे. त्यांच्यात उंचीचा काही ताळमेळ नसतो. महादरवाजापेक्षा पहारेकरी मोठा, पहारेकऱ्यापेक्षा कोंबडा मोठा, आणि दरीत उगाच एक प्लास्टिकचा जिराफ. सगळ्या पुण्याला हे गोड वाटतं. सरनोबतांना नातवाच्या किल्ल्यापुढे उभं असताना ते एकाएकी असह्य झालं. नातू पुढे मोठा झाला, कम्प्युटरकडे वळला. आजोबा किल्ल्यातच राहिले.

त्यांचं प्रमाण 1:32. म्हणजे साडेपाच-पावणेसहा फुटी माणूस 54 मिलिमीटरचा. घोड्याची उंची खांद्यापाशी मोजतात आणि ती चार इंचांच्या 'हँड'मध्ये सांगतात, हे एव्हाना आमच्या वॉचमनलाही पाठ झालं आहे. दख्खनचं तट्टू तेरा हँडचं धरलं तर 132 सेंटिमीटर. भागिले 32, म्हणजे चारच्या किंचित वर. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे घोडे मात्र विलायती शर्यतीच्या घोड्यावरून काढलेले असतात, लांब तंगड्यांचे आणि ताठ मानेचे. "हा भीमथडीत एक पावसाळा काढणार नाही," असं म्हणून सरनोबत त्याचे पाय कापायला घेतात.

अळिवावर त्यांचा विशेष राग. "तीन इंच वाढलेलं अळीव म्हणजे बत्तिसाच्या हिशेबाने आठ फुटी गवत. घोडदळ शोधायला माणसं पाठवावी लागतील!" हे ते सोसायटीतल्या सहा वर्षांच्या मुलाला सांगत होते. त्याने ओंजळीतलं अळीव गुपचूप खिशात घातलं.

घोडा दुरुस्त करण्याची पद्धत अशी. आधी काकूंचा हेअर ड्रायर. गरम वाऱ्याने प्लास्टिकचा पाय मऊ झाला की हवा तसा वाकवायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा. कापलेल्या जागी एम-सील मळून भरायचं, वाळलं की पॉलिश पेपरने घासायचं, मग अस्तराचा रंग, मग अंगाचा. अंगाचा रंग ब्रशने फासायचा नसतो. पेस्टल खडूची पूड करून ती थराथराने चोळायची, म्हणजे कातडीखाली रक्त आहे असं वाटतं. लगामाला जुन्या कॅसेटची फीत. रिकिबीला स्टेपलरची पिन. आयाळ आणि शेपटी काकूंच्या गंगावनाची. ते गंगावन काकूंच्या लग्नातलं होतं, हे त्यांना शेपटीवरूनच ओळखू आलं. जमिनीची माती पुरणयंत्राच्या सगळ्यात बारीक जाळीतून गाळून घ्यायची. होळीच्या पोळीत एकदा काहीतरी कचकचलं. "सिंहगडाची आहे," सरनोबत म्हणाले, जणू त्याने पोळीची प्रत वाढली.

रंगांच्या बाबतीत त्यांच्याशी बोलताना जपून असावं. आपण ज्याला तपकिरी म्हणतो, तो कुमैत किंवा सुरंग असतो. काळा नसतो, मुश्की असतो. अंगावर मोठमोठे पांढरे पट्टे दिसले तर अबलख. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की पंचकल्याणी. मी एकदा सहज "तो पांढरा छान झालाय" म्हणालो. "नुकरा," ते म्हणाले, आणि मला चहा विचारायचा राहिला.

या माणसाचं शहरातलं फिरणंही त्याच मार्गाने होतं. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. तिथे चामड्याचे तुकडे आणि घड्याळजीचे चिमटे. बोहरी आळीत तार. शिवाजीनगरला करमरकरांनी घडवलेला महाराजांचा 1928 चा अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्याभोवती ते प्रदक्षिणा घालतात, पण नजर घोट्याच्या वर जात नाही. पुतळ्यातल्या घोड्याचा एक पाय उचललेला असला की स्वार जखमी होऊन गेला, दोन उचललेले असले की रणात पडला, ही थाप कोणी मारली की ते तिथल्या तिथे शिकवणी घेतात. घोड्याच्या मागच्या पायाला उलटा वाकणारा गुडघा असतो असं समजणाऱ्यांचीही गय नाही. "गुडघा नव्हे, टाच! घोडा जन्मभर बोटांच्या टोकांवर चालतो." हे ते चौकात, सिग्नल सुटलेला असताना, स्वतःच्या टाचेला हात लावून दाखवतात.

पावसाळ्यात ते रेसकोर्सवर जातात. जुलैमध्ये हंगाम सुरू झाला की दुर्बीण, छत्री आणि पोळीभाजीचा डबा. यावरून सोसायटीत त्यांच्याबद्दल वर्षभर कुजबुज होती. अखेर कोणीतरी काकूंना हळूच विचारलं, फार हरतात का हो? "एक रुपया लावत नाहीत," काकू म्हणाल्या. "लावला असता तर कधीतरी जिंकले तरी असते."

तिथे ते चाल बघतात. दुडकीला तिरप्या जोडीतले दोन पाय एकदम पडतात. चौखूर धावताना चार पाय चार वेळा पडतात आणि मध्ये एक क्षण घोडा पूर्ण अधांतरी असतो. जुने चित्रकार त्या क्षणी पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवत. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या माणसाने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा कळलं की घोडा अधांतरी असतो तो पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. ही बातमी कुंभारवाड्यात अजून पोचलेली नाही, असं सरनोबतांचं म्हणणं. दिवाळीत ते ती पोचवत फिरतात. पोरं किल्ल्यावर पणत्या लावत असतात, आणि हे वाकून म्हणतात, "हा घोडा असा पळाला तर पोटावर पडेल."

पुतण्याने एकदा प्रेमाने अमेरिकेतून ब्रेयर कंपनीचा घोडा आणला. तिकडे या कंपनीचे घोडे खरवडून, वाकवून, नव्याने रंगवणारे हजारो लोक आहेत, आणि केंटकीत त्यांची दरवर्षी जत्रा भरते. सरनोबतांना गहिवरून आलं. मग त्यांनी मोजपट्टी काढली. घोडा 1:9 निघाला. त्यांच्या मावळ्यांना त्याच्या रिकिबीला पोचायला शिडी लागली असती. "पाहुणा म्हणून राहू दे," ते म्हणाले. आता तो शूजरॅकवर असतो आणि काकू त्याच्या गळ्यात स्कूटरच्या किल्ल्या अडकवतात.

कोथरूडला 1998 पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे: लहानगं गाव, सिग्नल, बोगदे, धावत्या गाड्या. पुण्यातलं हे एकच स्थळ सरनोबत निमूटपणे बघतात. बाहेर आल्यावर मात्र एक वाक्य टाकतातच. "त्यांचं बरं आहे. गाडीला पाय नसतात."

गेल्या दिवाळीत त्यांनी किल्ला न करता नेसरीची खिंड केली. 1674 चा फेब्रुवारी. बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांचं कडक पत्र आलेलं, आणि ते मनाला लावून घेऊन सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडलेले. आमच्या सरनोबतांनी हा प्रसंग का निवडला, याबद्दल सोसायटीत दोन मतं होती. एक मत वीरश्रीचं. दुसरं मत हिशेबाचं: प्रसंग मोठा आणि घोडे सातच. खानाची फौज दाखवायची नाही, ती खिंडीच्या पलीकडे आहे, असं ठरलं.

पण त्यांच्या बखरीच्या वाचनाने मध्येच घोडं अडलं. सभासदाने लिहून ठेवलंय की पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. इथे घोडे सात. म्हणजे नालबंद पंचवीसातले सात. हा अपूर्णांक बँकेतल्या माणसाला झोपू देईना. मी म्हटलं, ते सात जण तर रागाच्या भरात निघाले, पखालजीला कोण बोलावणार? त्यांनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं आणि पखालजी रद्द केला. नालबंदाचं अर्धं काम झालं होतं, तो आता त्यांच्या टीव्हीवर बसलेला आहे.

फेब्रुवारी म्हणून गवत वाळलेलं हवं. सुताराकडून भुसा आणून तो पिवळट रंगवला. घोडा अधांतरी दाखवायचा तर उभा कशावर करायचा? करवंदीच्या जाळीतून तार वर काढली आणि पोटात रुतवली. सात घोडे, सात रंग, कुठलेही दोन पाय सारखे नाहीत. कागदपत्रांत त्या घोड्यांचे रंग कुठे मिळतात का, हे बघायला ते भारत इतिहास संशोधक मंडळातही जाऊन आले. कान मात्र सगळ्यांचे एकजात मागे वळवले होते. वाऱ्याने.

दिवाळीच्या किल्लेस्पर्धेच्या अर्जात 'किल्ल्याचे नाव' या रकान्यात त्यांनी लिहिलं: किल्ला नाही, खिंड आहे. परीक्षक पाडव्याच्या संध्याकाळी येणार होते. त्याच्या तासभर आधी 'बी' विंगमधली एक मुलगी आली. वय आठ-नऊ. रविवारी घोडेस्वारीच्या वर्गाला जाते. उकिडवी बसून तिने सातही घोडे एकेक करून बघितले.

"आजोबा, हे सगळे चिडलेत का?"

"कोण?"

"घोडे. कान असे पार मागे चिकटवले ना, की तो चावतो. आमचे सर सांगतात, असा दिसला तर जवळ जायचं नाही."

सोसायटीत शांतता पसरली. इतक्या वर्षांत सरनोबतांना उंची, रंग, चाल यांवर कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. लोक "वा, किती बारीक काम!" एवढंच म्हणत आणि फराळाकडे वळत. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही.

"प्रतापराव चिडले होते," ते सावकाश म्हणाले. "पत्र आलं होतं महाराजांचं."

"मग एकाच घोड्याचे कान मागे हवेत. पत्र सातही घोड्यांना आलं होतं का?"

पुढचा अर्धा तास दोघांचं रणकंदन झालं. पळताना कान थोडे मागे जातातच, हे तिने मान्य केलं. पण थोडे आणि पार यांत फरक असतो, हे त्यांना मान्य करावं लागलं. मारवाडी आणि काठियावाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळतात, हा मुद्दा त्यांनी काढला. तिने विचारलं, "पण हे तर भीमथडीचे आहेत ना?" एरवी चुकीच्या रंगाच्या नावावरून चहा बंद करणारा हा माणूस उठून घरात गेला आणि तिच्यासाठी चकल्यांची अख्खी बशी घेऊन आला. दुसऱ्या हातात ड्रायर होता.

परीक्षक आले तेव्हा सहा स्वार वाळक्या गवतात पाय फाकून उभे होते, मांडीखाली काही नाही. एक घोडा मुलीच्या तळहातावर आणि पाच गार पाण्याच्या तांब्यात. फक्त प्रतापरावांचा घोडा जागेवर, कान मागे, चिडलेला.

"महाराज कुठे आहेत?" परीक्षकांनी वही उघडत विचारलं. त्यांच्या तक्त्यात सिंहासनाला गुण होते.

"रायगडावर. जूनमध्ये राज्याभिषेक आहे, तयारी चाललीय."

"आणि घोडे?"

"कानाचं काम निघालंय," सरनोबत म्हणाले. "तुम्ही आधी 'सी' विंगचा जिराफ बघून घ्या."

उत्तेजनार्थही मिळालं नाही. त्याचं त्यांना काही नव्हतं. परीक्षकांपैकी एकानेही कानांबद्दल विचारलं नाही, हे मात्र लागलं. त्या रात्रीपासून त्यांनी दत्तजयंतीचा हिशेब मांडला. नंदुरबारकडे तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो, देशभरातून घोडे येतात. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या घोड्याच्या जवळ जायचं ठरलं. मुलीने सूचना लिहून दिल्या: समोरून जायचं, मागून नाही, आणि आधी कान बघायचे.

काकूंनी बॅग भरताना ड्रायर बाहेर काढून ठेवला आणि विचारलं, "एवढ्या लांब निघालात, घोडा घेऊन येणार नाही ना?"

"छे! ठेवायचा कुठे? आणि प्रमाणात तरी कुठे बसतोय?"