बारा नंबरचा समुद्र

अहो ताई, जरा भिंतीपाशी या बरं. कुरडया राहू देत तशाच, कावळे काही लगेच येत नाहीत. माझा कढीपत्ता का वाळला, ते कळलं एकदाचं!

मी आपली कधी मुळाशी कीड म्हणते, कधी ताक ओतते, कधी म्हणते कुणाची दृष्ट लागली. दृष्ट कसली, मीठ! बारा नंबरचे भावजी दर पंधरा दिवसांनी टाकीतलं ऐंशी लिटर पाणी उपसायचे आणि पाइपाने आमच्या मधल्या भिंतीच्या मुळाशी सोडायचे. समुद्राइतकं खारं पाणी. जमिनीत एवढं मीठ मुरलं की झाडाला पाणी असून पिता येत नाही म्हणे. सात वर्षांचं झाड होतं हो. अख्ख्या लेनच्या चिवड्याला पुरत होतं.

नाही, भांडले नाही. भांडायलाच गेले होते. पदर खोचून. तर दार उघडं, आणि भावजी स्टुलावर उभे, खांद्यापर्यंत हात पाण्यात. म्हणाले, "वहिनी, एकच मिनिट. कोळंबीने कात टाकलीय." आता ह्यावर माणसाने काय भांडायचं?

तुम्ही वर्षभर लेकीकडे बंगळुरूला, तुम्हाला मुळातलंच ठाऊक नाही. थांबा, सांगते.

भावजी मागच्या मेमध्ये रिटायर झाले. पुण्यात माणूस रिटायर झाला की एक तर पेटी शिकतो, नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ह्यांनी समुद्र काढला. चौथीत असताना शाळेची सहल मुंबईला गेली होती, मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बघायला. १९५१ सालचं ते. तिथल्या काचेला नाक लावून उभं राहिलेलं पोर साठीपर्यंत तिथून हललंच नाही, असं बारा नंबरच्या वहिनी म्हणतात. त्या चिडून म्हणतात, पण बरोबर आहे.

टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. आपला दिवाण धरा. तिच्यात ६८० लिटर पाणी मावतं. खाली कपाटात अजून एक टाकी, तिला संप म्हणतात. आमच्या ह्यांनी विचारलं, "संप? कोणाचा?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझा होईल आता."

काच, दगड, वाळू, पाणी मिळून एक टन वजन. भावजींना ती वरच्या खोलीत हवी होती. मुलाच्या ओळखीचा इंजिनिअर आला, त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, तळमजला. म्हणजे हॉल. म्हणजे वहिनींच्या माहेरचा सागवानी झोपाळा निघाला तिथून! तो आता गच्चीवरच्या खोलीत उभा करून ठेवलाय. त्या विषयावर मी त्यांच्याशी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका.

आता मीठ. आपलं स्वयंपाकातलं चालत नाही. समुद्रात नुसतं मीठ थोडंच असतं? कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अजून पंचवीस गोष्टी. म्हणून खास मीठ येतं बादल्यांतून. लिटरला ३५ ग्रॅम. वरची-खालची टाकी मिळून आठशे लिटर धरा, म्हणजे २८ किलो मीठ एका दमात! आमचे हे म्हणाले, अहो, अलिबागला फुकट आहे, चार कॅन भरून आणू. तर किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यात गटारं सोडलेली, आणि पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून खारेपणा उतरतो. म्हणजे बघा, बारा नंबरच्या समुद्राला समुद्राचं पाणी चालत नाही.

नळाचंही नाही आणि बोअरचं तर नाहीच. आरओचं पाणी, त्यापुढे रेझिनचं आणखी एक नळकांडं, टीडीएस शून्य येईपर्यंत. एक लिटर चांगलं निघायला तीन-चार लिटर वाया. पण वहिनी हुशार हो. वाया जाणारं सगळं पाणी त्यांनी बादल्यांत धरलं. लादी, गाडी, जास्वंद, सगळं त्यावर. म्हणून त्यांची जास्वंद लगडलीय आणि माझा कढीपत्ता... जाऊ दे.

बरं, एवढा घाट घालून मासे आणले असतील ना? छे! दीड महिना नुसतं पाणी आणि दगड. वर तो निळा दिवा. जूनमध्ये दूधवाल्याने विचारलं, गणपतीचं डेकोरेशन एवढं आधी? आम्हाला चहाला बोलावलं, आणि अर्धा तास दगड दाखवले.

त्या दीड महिन्यात पाणी विरजत असतं, ताई. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, तो त्यांना विष. तो खाणारे जंतू आधी दगडांवर धरावे लागतात. मग अमोनियाचं नायट्राइट होतं, तेही वाईट. ते खाणारे दुसरे जंतू. मग शेवटी नायट्रेट उरतं, ते थोडंफार सोसवतं. पण टाकीत मासाच नसेल तर घाण कुठून येणार? म्हणून भावजींनी काय करावं? मंडईच्या कोपऱ्यावर बसते ना, त्या मावशीकडे गेले आणि म्हणाले, "एक कोळंबी द्या." मावशी म्हणाली, एक किलो? तर म्हणाले, "एक नग." जन्मात अंडं न शिवलेला माणूस! मावशीने पैसे घेतले नाहीत. वर म्हणाली, "काका, घरी भांडण झालंय का?"

ती कोळंबी टाकीत सडवली. त्या सोवळ्यातल्या घरात. आणि रोज परीक्षानळीत पाणी घेऊन, थेंब घालून, रंग कार्डाशी जुळवून बघायचे. आकडे कुठे लिहिले असतील? कालनिर्णयवर! मी डोळ्यांनी पाहिलंय: संकष्टीच्या चौकोनात वहिनींचं "दूध २ लि." आणि त्याखाली भावजींचं "अमोनिया २". आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ज्यांनी जेवणाचं ताट पाच मिनिटं उशिरा आलं म्हणून हॉटेल डोक्यावर घेतलं होतं, ते हेच. बेचाळीस दिवस शून्याची वाट बघत बसले. मग शून्य आलं, तर वाळूवर तपकिरी थर धरला, कोको पावडर भुरभुरल्यासारखा. तो गेला तर हिरवं शेवाळ. मग ते खायला गोगलगायी आणल्या. पहिले पाहुणे कोण, तर गोगलगायी.

आणि तो पूर! तुम्हाला सांगितलं नाही का कुणी? जुलैमध्ये एकदा रात्री लाइट गेले. वरच्या टाकीतलं पाणी पाइपाने संपात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो, असं चोवीस तास चाललेलं असतं. पंप बंद पडला, तर वर चढवणारा पाइपच उलटा नळी लावल्यासारखा पाणी खाली ओढायला लागला. संप भावजींनी काठोकाठ भरून ठेवलेला. झालं! पहाटे वहिनी पाणी तापवायला उठल्या तर पाय ओले. हॉलभर समुद्र. सतरंजी, रद्दी, सुनेने आणलेला तो गालिचा. पुसलं, वाळवलं, आणि आठ दिवसांनी स्कर्टिंगच्या फटीतून पांढरं मीठ फुलून वर आलं. वहिनी म्हणाल्या, उरणची मिठागरं बघायला आता जायला नको.

उपाय काय केला, ऐका. पाइपाला पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोक. पाणी जरा उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. बस, एक भोक! आणि संपाला बाहेरून लाल पट्टी चिकटवली, ह्याच्या वर पाणी भरायचं नाही. त्या पट्टीवर वहिनींनी पेनाने "लक्ष्मणरेषा" लिहिलंय.

मासे आले ते गणपतीनंतर. दोन. एवढ्या मोठ्या टाकीत दोन! केशरी अंगावर पांढरे पट्टे, पोरं त्यांना निमो म्हणतात. समुद्रातून पकडलेले नव्हेत हं, हॅचरीत जन्मलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास केव्हाच जमवलीय, आणि ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानची हॅचरी आहे, असं भावजी सांगत होते. मी विचारलं, ह्यातला नवरा कुठला? तर म्हणाले, "लहान तो नवरा." आणि पुढचं ऐकाल तर... इकडे या, आमचे हे बाहेर बसलेत. हे मासे सगळे जन्माला नर येतात. जो सगळ्यांत दांडगा, तो बाई होतो. आणि ही बाई मेली की तिचा नवरा स्वतःच बाई होतो, आणि त्याच्या मागचा त्याचा नवरा! वहिनींनी एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चला, म्हणजे एकदा तरी ह्यांना कळेल." मी हसून हसून खुर्चीतून पडायची राहिले.

तर ती कोळंबी. म्हणजे ती सडवलेली नव्हे, ही दुसरी, जिवंत. लाल पाठीवर पांढरी रेघ, लांब पांढऱ्या मिश्या. माशांच्या अंगावरचं निवडून खाते, न्हाव्यासारखी. मी भांडायला गेले त्या दिवशी सकाळी ती तळाशी निपचित पडलेली. वहिनींनी, ज्यांना आधी हा सगळा मेला प्रकार नकोसा वाटत होता त्या वहिनींनी, डोळ्याला पदर लावलेला. भावजींनी चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवली. ताई, नुसतं टरफल. पारदर्शक. मिश्या, पाय, डोळ्यांच्या टोप्यासुद्धा शाबूत, आणि आत कुणी नाही. वजन म्हणाल तर कांद्याच्या पापुद्र्याएवढं. "ती बघा," म्हणाले. मागच्या दगडाच्या कपारीत खरी बाई बसलेली, अंग चोरून. नवं कवच घट्ट होईपर्यंत मऊ असते, म्हणून बाहेर येत नाही. कढीपत्त्याचं मी विसरूनच गेले. घरी येऊन कढीला फोडणी टाकताना आठवलं.

पोवळी? आहेत ना, पण मऊ जातीची. मश्रूमसारखी, दगडाला चिकटलेली, निळ्या उजेडात हिरवी पेटतात. पुण्यातल्याच एका हौशी माणसाने आपल्या टाकीतली विभागून दिली. दगडी पोवळ्यांना भावजी हात लावत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रघोडेसुद्धा. वहिनींना एक समुद्रघोडा हवा होता, तर म्हणाले, "जेलमध्ये डबा आणशील का?" आपल्या मालवणला आहेत ही पोवळी, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँकेवर आहेत. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी, २०२० साली, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या, तेव्हा केवढी परवानगी लागली! हे ऐकताना मी बोटातलं मंगळाचं पोवळं हळूच पदराखाली घेतलं. भावजी हसले. म्हणाले, ते लाल पोवळं वेगळं, भूमध्य समुद्रातलं. तरी मी अंगठी फिरवून घातली.

खर्च विचारू नका. भावजी दोन लाख सांगतात, वहिनी चार म्हणतात, मुलाने हिशेब केला आणि कुणाला सांगितला नाही.

आणि हा उन्हाळा! टाकी पंचवीस-सव्वीस अंशांवर राहायला हवी. पाणी तापलं की पोवळ्यांच्या अंगात राहणारं शेवाळ बाहेर पडतं. त्याच शेवाळावर ती जगतात आणि रंगही बराचसा त्याचाच. ते गेलं की पांढरीफटक. लक्षद्वीपला समुद्रातच असं होतंय म्हणाले. इथे निदान पाणी गार करणारा चिलर आहे. वहिनी माठाचं पाणी पितात आणि मासे एसीत. त्यात रोज आठ-दहा लिटर पाणी उडतं. उडतं ते गोडं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे मला आता तुमच्यापेक्षा जास्त कळतं, हसू नका. चार दिवस दोघं लग्नाला गेले तेव्हा किल्ली माझ्याकडेच होती. दुर्बिणीसारखं यंत्र असतं, त्याच्या काचेवर एक थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. पस्तीसला रेघ आली पाहिजे. चारही दिवस पस्तीस!

हो, कढीपत्त्याचं रोप आणून दिलंय त्यांनी. वीतभर आहे. खारं पाणी आता ड्रेनेजमध्ये सोडतात. जुनं खोड मी काढलेलं नाही अजून.

तर ताई, बोलावलं ते ह्यासाठी. गुरुवारी दहा ते पाच लाइट नाहीत, मेसेज आला ना तुम्हालाही? बारा नंबरचा इन्व्हर्टर जेमतेम चार तास टिकतो. पाणी फिरायचं थांबलं की त्यातला प्राणवायू उतरत जातो, आणि सात तास म्हणजे फार झाले. तुमच्याकडे सोलर आहे, बॅटरीसकट. चिलर नको, त्याच्यासाठी मी बाटल्यांत पाणी भरून फ्रीजरला लावलंय, टाकीत तरंगत सोडू. फक्त दोन पंप. दोन्ही मिळून एका पंख्याएवढी वीज. तुमच्या खिडकीतून वायर माझ्या अंगणात, मध्ये त्या वाळक्या खोडाला बांधू, आणि तिकडून भिंतीवरून त्यांच्याकडे. तीस मीटर आहे वायर, पुरेल ना?