चार चाकांचं भूशास्त्र

धोडप किल्ल्याच्या माथ्यावरची काळी भिंत म्हणजे डाइक. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी शिलारस भेगेत घुसला, तिथंच थिजला. भोवतालचा खडक झिजला, भिंत उरली. पण ‘ऑफरोड सफारी’च्या मंडळींना एवढं ऐकायला सवड कुठली? ओढ्यात चाकं गरागरा फिरली, काचेवर चिखल उडाला, की भूशास्त्राचा तास सुटला. मग पायथ्याच्या हट्टी गावात पिठलं-भाकरी आणि रील. भिंतीपर्यंत चालत जावं लागतं हो, तेवढीच अडचण! अंजनेरीच्या डोंगरावर तर थेट गाडीरस्ताच न्यायचा घाट होता. तिथलं दुर्मीळ कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, मग खाली न उतरताच बघता आलं असतं; चाकाला चिकटलेलं.