खुर्चीच्या चाकांना बूट

कोलोन, जर्मनी

ती. आई-बाबांस,


सोहमला दहावीनंतर ‘खरीखुरी गाडी चालवल्यासारखा’ कॉम्प्युटर गेम कुठला घ्यायचा, असं बाबांनी विचारलंय. तुमच्या जावयांना विचारलं असतं तर अख्खा रविवार गेला असता, म्हणून मीच लिहितेय.

आम्ही मुलुंडच्या सायबर कॅफेत ‘रोड रॅश’ खेळायचो. शेजारच्या मोटारसायकलवाल्याला लाथ घालायची, आपटलो तर उठून परत पळायचं. हे तसलं नाही. इथे टायर थंड असला तर गाडी गिरकी घेते, फार तापला तरी घेते. सुरुवातीला सोहमला नुसतं वळणाबाहेरच्या गवताचं दर्शन होईल; तेव्हा गेम बिघडलाय म्हणून आदळआपट करू नये.

‘आयरेसिंग’ सगळ्यांत शिस्तीचा, पण त्याची वर्गणी भरत राहायची आणि बऱ्याच गाड्या, ट्रॅक वेगळे विकत घ्यायचे. सोसायटीचा मेंटेनन्स भरून पार्किंगचे निराळे मोजावेत तसं. बाबांना ते झेपणार नाही, पैशाने नव्हे, तत्त्वाने. ‘बीमएनजी’ इथल्याच ब्रेमेनचा. त्यात गाडी धडकली की पत्रा खऱ्यासारखा चुरगळतो, त्यामुळे सोहम दुसरं काहीच करणार नाही. माझं मत इटलीच्या कुनोस कंपनीच्या जुन्या ‘असेटो कोर्सा’ला. 2014 चा आहे, त्यामुळे साध्या कॉम्प्युटरवर चालतो, सेलमध्ये स्वस्त मिळतो, आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्यासाठी गाड्या नि ट्रॅक बनवून ठेवलेत.

त्यातले बरेच ट्रॅक लेसरने मोजून केलेत, रस्त्यावरचा उंचवटासुद्धा जागच्या जागी. आमच्याजवळचा न्यूरबुर्गरिंगही त्यात आहे. 1927 सालचा, जवळपास 21 किलोमीटरचा डोंगराळ रस्ता. 1976 मध्ये रेसर निकी लाउडा तिथे अपघातात भाजला, त्यानंतर फॉर्म्युला वन त्या लांब ट्रॅकवर परत गेली नाही. आज मात्र तिकीट काढून कुणीही स्वतःची गाडी घालू शकतो. गेममध्ये वळणं पाठ झाल्यावर ह्यांनी आमची सेकंडहँड गाडी न्यायचं काढलं. मी म्हटलं, गेममध्ये बटण दाबलं की गाडी परत धड; तिथे कठडा वाकला तर त्याचं बिल घरी येतं. शिवाय हे तेच गृहस्थ, ज्यांना अंधेरी-मुलुंड करण्यात हयात गेलेली असूनही इथल्या परीक्षकाने लायसनला नापास केलं. का, तर लेन बदलताना मान वळवून मागे पाहिलं नाही. गेममध्ये मान वळवायला कुणी सांगत नाही, म्हणून तिथे ते चॅम्पियन.

गेमपेक्षा स्टिअरिंग महाग पडतं. लॉजिटेकचं जी-29 पुरे. क्लचसकट तीन पेडलं येतात, गिअरचा दांडा वेगळा घ्यावा लागतो. वळणावर ते हातात चांगलं झटके देतं, तेव्हा आईच्या काचेच्या टीपॉयला मुळीच लावायचं नाही. पेडलं लादीवरून घसरतात, ती भिंतीला टेकवायची. आणि चाकांची खुर्ची! ब्रेकवर पाय दाबला की गाडी थांबते आणि माणूस मागे स्वयंपाकघराकडे निघतो. त्यावर ह्यांनी चाकांखाली जुने बूट घातले, प्रत्येक चाक एकेका बुटात. चाकं पाच, म्हणजे बूट अडीच जोड. उरलेला एक बूट दाराशी आहे, पाहुणे विचारतात.

बाबा, तुम्हीही बसून बघा. स्टिअरिंगखाली गिअर असलेली कुर्ल्याची पद्मिनी तुम्ही वर्षानुवर्षं हाकलीत, तुम्हाला क्लचचं नवल नाही. सोहमला मात्र आधी ऑटोमॅटिकच द्या.

स्टिअरिंग तिथेच घ्या, म्हणजे वॉरंटी तिथली मिळेल. पैसे मी पाठवते. तोवर टेबलाच्या फळीची जाडी पट्टीने मोजून कळवा, आणि जुने बूट भंगारवाल्याला देऊ नका.

तुमची,
मीनल