स्काउटबाबा

शनिवारी सकाळी न्यू जर्सीतल्या एखाद्या किराणा दुकानाच्या दाराशी हे गृहस्थ हमखास भेटतात. अंगात खाकी शर्ट, गळ्यात रुमाल, समोरच्या टेबलावर पॉपकॉर्नच्या पिशव्या. शेजारी निळ्या शर्टातलं सात वर्षांचं पोरगं. लाजतंय ते पोरगं. बाबांनी लहानपणी नागपुरात घरोघर फिरून गणपतीची वर्गणी गोळा केलेली आहे. समोरचा माणूस रिकाम्या हाती जाता कामा नये, हे त्यांना अजून पाठ आहे.

"वीस डॉलरच्या लाह्या?" ओळखीचे कुलकर्णी दचकतात.

"लाह्या कुठं हो? वर्गणीच समजा ना!"

शाळेत असताना परेडच्या दिवशी याच माणसाचं पोट दुखायचं. मुलाला स्काउटमध्ये घातलं तेही निव्वळ हिशेबानं. ईगल स्काउट झालं की कॉलेजच्या प्रवेशाला बरं पडतं, असं मंडळाच्या संक्रांतीत कोणीतरी कानात सांगितलं होतं. त्याला एकवीस बॅज लागतात, शिवाय समाजसेवेचा एक प्रकल्प, आणि सगळं अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत. बाबांनी त्याच रात्री अठराव्या वाढदिवसापासून मागे मोजत एक्सेल केली. पोहण्याचा बॅज कधी, स्वयंपाकाचा कधी, सगळं रंगवून. पोरगं तेव्हा दुसरीत होतं.

पहिल्याच सभेत नियम कळला : मुलांसोबत निदान दोन नोंदणीकृत मोठी माणसं हवीतच. "कोण मदत करेल?" यावर बाकीचे पालक आपापले बूट न्याहाळू लागले. बाबांचा हात वर. आपल्याकडे शिक्षकांनी विचारलं की हात वर जायचाच. उत्तर येत असो वा नसो.

आता ते 'अकेला' आहेत, म्हणजे छोट्या स्काउटांचे म्होरके. अमेरिकन पालक 'अकीला' म्हणतात. स्काउट चळवळीच्या जनकानं, बॅडन-पॉवेलनं, 1916 मध्ये छोट्यांची शाखा काढली तेव्हा किपलिंगच्या जंगल बुकातून अशी नावं उचलली, आणि ते जंगल सिवनीचं. म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यावर! प्रत्येक नव्या पालकाला नकाशा उघडून ते दाखवलं जातं. बाबा स्वतः त्या रस्त्यानं गेलेत ते एका लग्नाला, तेही रात्रीच्या बसमध्ये झोपून.

स्काउट डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. नागपूरच्या आजींनी ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं. "काहून रे, डावा हात देतोस लोकांना? हेच शिकवलं का तुले?" बॅडन-पॉवेलचा दाखला तिथे चालला नाही.

कॅम्पला ते कुकर नेतात. रात्री खाणं तंबूत ठेवायचं नाही, कारण त्या रानात खरोखरची अस्वलं आहेत. म्हणून लसणाची चटणी गाडीत कुलूपबंद. गाडीचा वास अजून गेलेला नाही.

पण बाबा खरे खुलतात ते पाइनवुड डर्बीला. पाइनच्या ठोकळ्यातून पोरानं छोटी गाडी कोरायची आणि उतारावरून सोडायची. 1953 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉन मर्फी नावाच्या गृहस्थानं ही शर्यत काढली, कारण त्याचा मुलगा सोपबॉक्स गाड्यांच्या शर्यतीसाठी लहान पडत होता. बापलेकांनी मिळून काहीतरी करावं, एवढीच त्याची इच्छा. बिचारा मर्फी! गाडीला पाच औंसांची मर्यादा. आयटीत वीस वर्षं काढलेल्या बाबांना एकदम बारावीचं फिजिक्स आठवतं : वजन मागे असलं की ते उतारावर जास्त उंचीवरून निघतं, म्हणून टंगस्टन मागे. आसाचे खिळे पॉलिश करून आरशासारखे. चाकांना ग्राफाइट. पुढचं एक चाक केसभर वर, म्हणजे घर्षण तीनच चाकांचं. गराजमध्ये रात्री बारापर्यंत दिवा. पोराकडे रंग निवडायचं खातं आहे. त्यानं जांभळा म्हटलं. बाबांनी विचार करू म्हटलं.

शर्यतीच्या दिवशी गाडी काट्यावर बरोबर पाच औंस भरली. बाबांनी काट्याचा फोटो काढला. अंतिम फेरीत मात्र पहिली आली ती एका मुलीची पिवळीधमक, चीजच्या फोडीसारखी गाडी. बाबा तडक तिच्याजवळ गेले आणि गुडघ्यावर बसले.

"ग्राफाइट कुठलं गं वापरलंस?"

"ते डॅडींना विचारा," ती म्हणाली आणि यांच्या पोराबरोबर पिझ्झ्याकडे पळाली.

डॅडी खुर्च्यांच्या मागे उभे होते. तेही काट्याचा फोटोच बघत होते.