राजभवनातून राज्यसभेत, मतदाराला वळसा घालून

फ्लोरिडाचे रिक स्कॉट आठ वर्षं गव्हर्नर होते. 2018 मध्ये सिनेटवर जायचं ठरवलं तेव्हा त्यांना पुन्हा लोकांच्या दारात उभं राहावं लागलं. जेमतेम दहा हजार मतांनी ते तरले. त्यांचं पुराणमतवादी राजकारण मला मुळीच पटत नाही. पण त्यांच्या प्रत्येक पायरीवर मतदाराचा शिक्का आहे.

आपल्याकडे राज्यपाल दिल्ली ठरवते आणि राज्यसभेवर आमदार पाठवतात. दोन्हीकडे मतदाराला कोणी विचारत नाही.

सुशीलकुमार शिंदे यांची कारकीर्द बघा. फौजदारकी सोडलेला हा सोलापूरचा माणूस सत्तरच्या दशकात करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून आमदार झाला. तेव्हा उजनी धरणाचं काम चालू होतं आणि काठावरची गावं उठण्याच्या तयारीत होती. दलित घरातून, गरिबीतून वर आलेल्या माणसाला या तालुक्यानं विधानसभेत धाडलं, याचा करमाळ्यानं अभिमानच बाळगावा. 2003 मध्ये ते मुख्यमंत्री झाले. 2004 च्या ऑक्टोबरात त्यांच्याच नेतृत्वाखाली काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी पुन्हा सत्तेत आली. खुर्ची मात्र विलासराव देशमुखांना मिळाली आणि शिंदे राज्यपाल म्हणून हैदराबादच्या राजभवनात गेले. लोकांनी कौल दिला एक, दिल्लीनं वाचला दुसरा.

2006 मध्ये राज्यपालपद सोडलं आणि लगेच केंद्रात ऊर्जामंत्री. संसदेत जागा राज्यसभेची. सरकारिया आयोगानं 1988 च्या अहवालात स्पष्ट बजावलं होतं की राज्यपालानं पद सोडल्यावर पुन्हा पक्षीय राजकारणात उतरू नये. आज राजभवनात बसलेला माणूस उद्या पक्षाकडून मंत्रिपद घेणार असेल, तर त्याच्या निःपक्षपातीपणावर कोणी का विश्वास ठेवावा? तमिळिसाई सौंदरराजन यांनीही 2024 मध्ये तेलंगणाचं राज्यपालपद सोडून भाजपचं तिकीट घेतलं. संकेत त्यांनीही मोडला. पण त्या लोकांपुढे गेल्या आणि हरल्या. शिंदेही 2009 मध्ये सोलापुरातून लोकसभेवर निवडून आले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. पण मधली तीन वर्षं मंत्रिपद मतदाराविना चाललं.

जाब कोण कोणाला विचारतो, ते 2012 मध्ये दिसलं. जुलैच्या 30 आणि 31 तारखेला उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी तर तीन ग्रिड कोसळली. त्याच 31 तारखेला ऊर्जामंत्री शिंदे यांना गृहखातं जाहीर झालं. जबाबदारी कोणाची, हे विचारण्याआधी बढती! सोलापूरच्या मतदारांनी 2014 आणि 2019 मध्ये त्यांना घरी बसवलं, ते दिल्लीला दिसलेलं नसेल तर पुन्हा बघावं.

शरद पवार यांची वाटही उजनीच्या काठावरूनच गेली. 2009 मध्ये माढ्यातून खासदार, कृषिमंत्री. 2014 मध्ये थेट राज्यसभा. जोखीम नको असेल तेव्हा राज्यसभा, हा हिशेब सगळ्याच पक्षांच्या अंगवळणी पडलाय.

इकडे उजनीच्या काठावर? 117 टीएमसीचं धरण, त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा. 2024 च्या उन्हाळ्यात धरण खोल मायनसमध्ये गेलं, बॅकवॉटरचे शेतकरी पाइप जोडत जोडत पाण्यामागं धावले. त्याच मे महिन्यात 21 तारखेला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली. सहा जण बुडाले. धरण 1980 ला पूर्ण झालं आणि कुगावहून पलीकडच्या तीरावर जायला 2024 मध्येही बोटच होती. या काठानं मुख्यमंत्री दिला, केंद्रीय मंत्री दिले, गृहमंत्री दिला. कुगावला पूल मात्र त्या चव्वेचाळीस वर्षांत कोणी बांधला नाही.

म्हणून काठावरच्या कंदर, केत्तूर, वाशिंब्याला पुढच्या वेळी जो कोणी मत मागायला येईल, त्याला पाराजवळ बसवून लेखी घ्या: पाच वर्षांच्या आत राजभवन किंवा राज्यसभा पुढे आली, तर आमची जागा सोडून जाणार का? उत्तर टाळलं तर त्याचं तिकीट कोणत्या पक्षाचं आहे, हे बघायचं कारण नाही.