सविनयराव, जावक क्रमांकासह

आमच्या गावाच्या नावातच कंस आहे. सरकारी कागदावर ते 'बोरगाव (मेघे)' असं लिहितात. महाराष्ट्रात बोरगावं इतकी आहेत की कंसाशिवाय पत्र कुठल्या बोरगावात जाऊन पडेल याचा नेम नाही. शेजारी सावंगी (मेघे), सिंदी (मेघे), पिपरी (मेघे) अशी सगळी कंसातलीच भावकी. त्यातल्या सिंदीला तर सेलू तालुक्यात एक नावबहीण आहे, सिंदी (रेल्वे). माझ्या साळ्याचा मिक्सर कंस न वाचणाऱ्या एका कुरिअरवाल्यामुळे तिकडे दोन दिवस पाहुणचार घेऊन आला. वर्धा शहराला आम्ही असे चिकटलेलो की जनगणना आम्हाला शहर म्हणते आणि घरपट्टी ग्रामपंचायत घेते. आपण कोण हे सांगायलाच जिथं खुलासा लागतो, तिथं सविनयराव जन्माला येणारच होते.

सविनयराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नाही. 'सविनय सादर करण्यात येते की' या पाच शब्दांशिवाय त्यांना लेखणी उचलता येत नाही म्हणून कचेरीनं ते दिलं. तसा हा माणूस एक नाही. प्रत्येक लेआउटमध्ये एक तरी सापडतो. कुणी पतसंस्थेत असतो, कुणी दवाखान्याच्या बिलिंगमध्ये, कुणी शाळेच्या ऑफिसात. माझ्या वाट्याला आलेला नमुना एका जिनिंग-प्रेसिंगमधला आहे. मी तिथं हिशेब लिहितो आणि ते 'समन्वय' पाहतात. कशाकशाचा समन्वय, हे त्यांनी एकदा दीड पानात कळवलं होतं.

समजा, गेटवरचा बल्ब गेला. दुसरा कुणी ओरडून सांगेल. सविनयरावांचा मेल येतो: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय सादर करण्यात येते की, आवाराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने प्रकाशव्यवस्थेचे अनन्यसाधारण महत्त्व आहे, हे आपणास विदित आहेच.' बल्ब चौथ्या परिच्छेदात उगवतो, तोही 'सदर प्रकाशस्रोत' या नावानं. खाली प्रती: मालक, अकाउंट्स, सुरक्षारक्षक (ज्याला मेल नाही) आणि स्वतः सविनयराव, माहितीस्तव. मेलसोबत बल्बचा फोटो जोडला आहे असं लिहिलेलं असतं. फोटो दुसऱ्या मेलमध्ये येतो, आणि पहिल्या मेलबद्दलची दिलगिरी तिसऱ्यात. बल्ब तोवर चौकीदारानं बदललेला असतो.

जुन्या काळच्या पत्रांनाही लांबलचक मायना असे, हे मला मान्य आहे. दंडवत, नमस्कार, क्षेमकुशल, सगळं यथासांग. पण 'विशेष' म्हटलं की लिहिणारा कामाचं बोलू लागे, आणि काम संपलं की 'बहुत काय लिहिणे' म्हणून कलम खाली ठेवी. सविनयरावांचा मायना कधी संपतच नाही. काम त्यात लग्नातल्या नवरदेवाच्या लहान भावासारखं कुठंतरी गर्दीत फिरत असतं, ज्याला हवं त्यानं शोधावं.

वर्ध्याला भाषांचा तसा तोटा नाही. १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती इथं आहे, १९९७ पासून हिंदी विश्वविद्यालय आहे. घरोघरी वऱ्हाडी आहेच. सविनयराव यांतलं काहीच लिहीत नाहीत. त्यांची भाषा म्हणजे निम्मा शासन निर्णय, पाव इंग्रजी आणि उरलेली 'सदर'. आणि तिच्यात अपघात होतात. गेल्या हंगामात त्यांनी एका दलालाला कळवलं, 'आपल्या प्रलंबित देयकावर तातडीने कारवाई करण्यात येईल.' त्यांना म्हणायचं होतं कार्यवाही. दलाल दुपारी वकील घेऊन आला. त्याला पैसे मिळणार आहेत हे समजावण्यात संध्याकाळ गेली आणि वकिलाची फी कुणी द्यायची यावर पुढचे चार मेल झाले.

'एवढं कशाला लिहिता?' असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "रेकॉर्डवर असू द्या."

हे आम्ही बरीच वर्षं हसण्यावारी नेलं. मग एकदा वजनकाट्याजवळ चहा पिताना त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गाडीच्या कापसात ओलावा जास्त लागला. सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयचा हिशेब सरळ असतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं बारापर्यंत भावात कपात, बाराच्या वर गाडी परत. खासगीत तसं नसतं, मालकाचं मन आणि बाजाराचा वारा. सविनयरावांनी मालकांना फोन करून सांगितलं, "माल ओला आहे, घेऊ नका." माल घेतला गेला. पुढं तो ढिगात तापला, रुईला पिवळी झाक आली आणि गाठींचा भाव पडला. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मले कोन सांगतलं होतं?" सविनयराव म्हणाले, मी. मालक म्हणाले, "कवा?" त्या 'कवा'ला दाखवायला त्यांच्याकडे कागद नव्हता. तेव्हापासून ते लिहितात. लिहिलेलं कुणी वाचावं अशी त्यांची अपेक्षाच नाही. उलट कुणी नीट वाचून शंका विचारली की ते जरा गोंधळतात.

मध्यंतरी कंपनीनं त्यांना नागपूरला 'प्रभावी संवादकौशल्य' या दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. जेवण चांगलं होतं, असा पहिला अहवाल आला. दुसऱ्या अहवालात शास्त्र होतं. माणसाच्या बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून निघाले. समोरच्याला आपण आवडतो की नाही, हे शब्द आणि सूर यांचा मेळ बसत नसेल तेव्हा माणूस कशावरून ताडतो, एवढ्यापुरतेच ते होते. सगळ्या संवादाला ते लावू नका, असं त्यांनी स्वतःच पुढं सांगितलं. पण प्रशिक्षकांच्या स्लाइडवर हे सांगणं मावत नसावं. सविनयराव परत आले ते फोनवर हातवारे करत. पलीकडच्या ट्रान्सपोर्टवाल्याला ते ५५ टक्के दिसत नव्हते, आणि रेंजमुळे ३८ टक्केही तुटक पोचत होते. राहिलेल्या सातात मात्र त्यांनी कसूर केली नाही. मेलची लांबी तेवढीच राहिली.

कार्यशाळेतून त्यांनी 'सँडविच' पद्धतही आणली होती. आधी कौतुक, मध्ये दोष, शेवटी पुन्हा कौतुक. पहिला प्रयोग ड्रायव्हरवर झाला. "तुमचं गाडीवरचं प्रेम वाखाणण्यासारखं आहे. डिझेलचा हिशेब मात्र दर वेळी जुळत नाही. पण तुमच्यासारखी माणसं कंपनीचा कणा आहेत." ड्रायव्हर भारावून बाहेर आला आणि थेट माझ्या टेबलाशी उभा राहिला. "सायेब खूश हायेत भाऊ. पगार वाढोते म्हनले काय?" सँडविचमधली चटणी त्याच्या जिभेला लागलीच नव्हती.

लक्षपूर्वक ऐकण्याचा धडा घरीही चालला. तो मी भिंतीपलीकडून ऐकला, आमची घरं एकाच लेआउटमध्ये आहेत. वहिनी म्हणाल्या, "मीठ सरलं." सविनयराव म्हणाले, "म्हणजे तुला असं म्हणायचं आहे की, घरातला मिठाचा साठा संपुष्टात आला आहे." यावर वहिनींनी चेहऱ्याचे ५५ टक्के वापरले असावेत, कारण दोन मिनिटांत सविनयराव पिशवी घेऊन किराणा दुकानाकडे निघाले होते.

त्यांचा खरा छंद वेगळा आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला सेवाग्राम दाखवायचं. आश्रमात ते मनापासून बोलतात आणि बरंही बोलतात, कारण तिथं त्यांना रेकॉर्ड ठेवायचं नसतं. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले तेव्हा या गावाचं नाव सेगाव होतं. टपाल बुलढाण्याच्या शेगावशी घोळ करून बसायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव ठेवलं. "बघा," सविनयराव पाहुण्याला म्हणतात, "महात्म्याचीही पत्रं भरकटत होती!" मग ते टेलिफोन दाखवतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. शेवटी मौनाची गोष्ट. गांधीजी सोमवारी बोलत नसत. फार निकडीचं असेल तर चिठ्ठी लिहीत, तीसुद्धा बहुधा आलेल्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर.

ही गोष्ट त्यांनी पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितली की एक दिवस ती त्यांना स्वतःलाच पटली. मागच्या डिसेंबरात सूचना लागली: 'अधोस्वाक्षरीकार दर सोमवारी मौन पाळतील. संपर्क लेखी स्वरूपात करावा.'

पहिल्या सोमवारी सकाळी कचेरीत सण असल्यासारखं वाटलं. सव्वाअकरापर्यंत. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. चिठ्ठ्या कसल्या, ए-फोर कागद, दोन प्रतींत, प्रत्येकीवर जावक क्रमांक. 'चहा थंड आहे' याला क्रमांक होता. 'पंखा एकने कमी करावा' याला क्रमांक आणि संदर्भ, कारण आदल्या चिठ्ठीत तो एकने वाढवायला सांगितला होता. शिपाई दुपारपर्यंत जिन्यावरून एवढ्या खेपा करून बसला की त्यानं तब्येतीचं कारण देऊन सुट्टी मागितली. अर्ज तोंडी होता म्हणून तो फेटाळला गेला, लेखी.

तिसऱ्या सोमवारी अवकाळी आलं. यार्डात कापसाचे मोठाले ढीग पडले होते. जेवणाची सुट्टी होती. हमाल शेडच्या मागं डबे उघडून बसलेले, जमादार वजनकाट्यापाशी कुणाशी तरी वायद्याच्या भावावर वाद घालत होता. आभाळ सेलूच्या बाजूनं काळं होत आलं होतं आणि यार्डात एकाही माणसाचं तिकडं लक्ष नव्हतं. ते फक्त एकाच माणसानं पाहिलं, वरच्या मजल्याच्या खिडकीतून. मी त्यांच्यासमोरच बसलो होतो. सविनयरावांनी पेन उचललं. कोरा कागद ओढला. 'विषय' लिहिलं, दोन टिंबं दिली आणि पुढं 'संभाव्य अवकाळी पर्जन्य' एवढं लिहून थांबले. खिडकीच्या पत्र्यावर पहिला थेंब वाजला. त्यांनी विषय खोडला आणि 'अपेक्षित पर्जन्य' केलं. दुसरा थेंब पडला, तेव्हा संभाव्य आणि अपेक्षित दोन्ही बाद झाले होते.

मग ते उठले, गॅलरीत गेले आणि असे ओरडले की शेजारच्या ऑइल मिलमधली माणसं बाहेर आली.

"अबे पानी आलं! ताडपत्री टाका बे!"

सहा शब्द. ना मायना, ना प्रत माहितीस्तव. वीस माणसं एकाच वेळी धावली. ताडपत्र्या पसरल्या, कडांवर दगड पडले, उतारावरच्या ढिगाभोवती कुणीतरी फावड्यानं चारी काढली. सविनयराव पायऱ्या उतरून स्वतः एका टोकाला धरून उभे राहिले. शर्ट भिजलेला, खिशातल्या दोन्ही पेनांची शाई उतरलेली. "खालून वढ, खालून!" असं ते हमालाला सांगत होते. नोकरीला लागल्यापासून मी त्यांना इतकं नेमकं बोलताना ऐकलं नव्हतं. पाऊस अर्धा तास पडला. दोन टोपल्या कापूस भिजला असेल, तो वेगळा काढला.

मालक संध्याकाळी आले. यार्ड बघून म्हणाले, "बरं झालं ना बाप्पा, कोनी सांगतलं?" सगळ्यांनी वर बोट दाखवलं. वर सविनयराव पुन्हा मौनात गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादाराच्या हातात एक कागद होता. त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नाही म्हणून तो माझ्याकडे आला. मी वाचून दाखवलं. 'विषय: काल दुपारी मौखिक स्वरूपात देण्यात आलेल्या तातडीच्या सूचनेचे लेखी पुष्टीकरण. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अधोस्वाक्षरीकारांनी मौनकाळात अपवादात्मक परिस्थितीत सदर सूचना (मजकूर: "अबे पानी आलं") दिलेली असून, तीतील "बे" हा शब्द कोणासही व्यक्तिशः उद्देशून नव्हता...'

"म्हंजे काय म्हनते जी?" जमादारानं विचारलं.

"तेच. काल ओरडले होते ते."

"ते त आमी काल आयकलं ना बापा."

"हो. पण खाली पोच म्हणून सही करायची आहे."

त्यानं कपाळाला हात लावला, माझ्याकडून पेन घेतलं आणि सही केली. मग कागद उलटा करून पाहिला, मागची बाजू कोरी होती. तिच्यावर त्यानं त्या दिवशीच्या हमालीचा हिशेब मांडला आणि तो कागद माझ्या फायलीत लावून निघून गेला.